खुर्चीतून उठायचं कसं

टेळे सर कुठल्याही मांडवात किंवा सभागृहात शिरले की आधी दुसरं दार शोधत. लग्नात अक्षता पडत असताना सगळे नवरानवरीकडं बघायचे आणि सर मांडवाच्या मागच्या कनातीत फट कुठं आहे ते बघायचे. प्राचार्यांच्या बैठकीत त्यांची खुर्ची ठरलेली, दाराला लागून. एसटीत ते फक्त संकटकालीन दरवाजाशेजारच्या सीटवर बसत. तिथं आधीच कुणी बसलेलं असलं तर शिरूरपासून न्हावऱ्यापर्यंत उभे राहत, पण दुसरीकडं बसत नसत. एकदा मी म्हटलं, सर, आपल्या गाडीला कधी आग लागल्याचं मी ऐकलेलं नाही. ते म्हणाले, लागल्यावर ऐकून काय करायचं मॅडम.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. मी शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल, ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. शिवाय मी त्यांच्याच गावात दिलेली, घोडनदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडं. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. सकाळी एका गाडीनं जायचं, संध्याकाळी एका गाडीनं यायचं, आणि मधल्या वेळेत ते माझ्या ग्रंथालयात येऊन पंखा बंद झाला का, खिडकीची कडी लागली का, हे विचारून जायचे. इतका काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मोटारसायकलला कुलूप लावून दहा पावलं गेले की परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. मला कधीकधी त्यांचा राग यायचा, ते मी लपवायचेही नाही.

मात्र वर्गात हाच माणूस वेगळा असायचा. तुलनात्मक शासनाचा पेपर ते शिकवत. पोरं तो पेपर घ्यायची ती पास व्हायला सोपा म्हणून, आणि पहिल्याच तासाला अडकायची. सर व्यासपीठावर एक खुर्ची ठेवायचे, वर्गातल्या एखाद्या आडदांड पोराला तिच्यावर बसवायचे आणि बाकीच्यांना विचारायचे, याला हात न लावता उठवा बघू. मग एकेक देश यायचा. इंग्लंडमध्ये वर्गानं हात वर करून सांगितलं की आमचा याच्यावर विश्वास नाही, की हा उठला. अमेरिकेत तुम्ही किती बोंबला, चार वर्षं हा हलत नाही. जर्मनीत याला उठवायचं तर आधी इथं कोण बसणार त्याचं नाव सांगा, मगच तोंड उघडा. आणि स्वित्झर्लंडमध्ये सात जण मिळून कारभार बघतात, त्यातला एकेक जण वर्षभर अध्यक्ष होतो, वर्ष सरलं की आपला आपण उठतो. राज्य कसं मिळवतात हे वर्तमानपत्रात येतं, ते सोडतात कसं हे माझ्या तासाला या, असं ते म्हणायचे. इंग्लंडची घटना एका जागी लिहिलेली नाही म्हटल्यावर पोरं हसायची. मग चालते कशावर, असा प्रश्न आला की सरांचं उत्तर ठरलेलं होतं. लाजेवर.

एका वर्षी न्हावऱ्याकडच्या एका मुलीनं विचारलं, सर, स्वित्झर्लंडमधला तो उठलाच नाही तर? सर म्हणाले, उठतो. ती म्हणाली, पण नाहीच उठला तर? अजून तरी तसं झालेलं नाही, असं म्हणून सरांनी फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी तेव्हा शेजारच्या वर्गात पुस्तकांची पेटी द्यायला निघाले होते, म्हणून दारातून मला हे दिसलं. बसमध्ये मी त्यांना यावरून चिडवलं, तर त्यांनी मला पुढचा सगळा रस्ता तोच प्रश्न परत विचारला. नाहीच उठला तर काय, मॅडम?

पुढं हा प्रश्न त्यांच्याच घरी येऊन बसला.

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या एका निवडणुकीत तिन्ही वस्त्यांची इतकी जुंपली होती की त्यानंतर बिरोबाची यात्राच भरेनाशी झाली. एकमेकांच्या बांधावरून कुणी जायचं नाही, एकमेकांच्या मयताला कुणी यायचं नाही. म्हणून नवी निवडणूक लागली तेव्हा जाणती माणसं देवळाच्या ओसरीवर बसली आणि ठरलं की या वेळी बिनविरोध करायचं. सरपंच तेव्हा सदस्यांमधून निवडायचा होता आणि पद बायकांसाठी राखीव होतं. तीन वस्त्यांच्या तीन बाया, पाच वर्षांचे तीन वाटे. एकीनं उठायचं, दुसरीनं बसायचं. अशी वाटणी आमच्या भागात बऱ्याच गावांत होते, आणि बऱ्याच गावांत पहिलीच बाई उठत नाही. मग होतं त्यापेक्षा जास्त भांडण होतं.

देवळाची पूजा बघणाऱ्या दादू आबांनी सरांना बोलावून घेतलं आणि विचारलं, मास्तर, असं वाटून कारभार जगात कुठं चालतो का? सरांचा चेहरा असा उजळला की बस. त्यांनी आबांना स्वित्झर्लंड सांगितलं. सात जण, वर्षाला एक, भांडण नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तितं भंडारा हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले. घटना सांगताना सर पुस्तकी बोलायचे, पण आबांसमोर त्यांची बोली आपोआप गावावर यायची.

"मंग आपलं त्यांच्यापरीस पक्कं."

आमच्याकडं बिरोबाचा भंडारा उचलला की शब्द फिरवायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखत हिंडलेली ही माणसं, सगळे व्यवहार त्यांनी हळदीच्या चिमटीवर केले. तिन्ही बायांनी तळहातावर भंडारा घेऊन वर उचलला. पहिली पाळी कुणाची यावर थोडी कुजबुज झाली आणि सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, पहिली मास्तरांची सून. मास्तर घरात असल्यावर ती वेळेवर उठेल. सरांना आपलं घर शेवटी हवं होतं, हे मला त्यांनी नंतर सांगितलं, पण त्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. आबांनी जामीन म्हणून त्यांच्याही हातावर भंडारा ठेवला. त्या दिवसापासून सरांच्या काळजीला एक तारीख मिळाली. दुसऱ्या वर्षातल्या दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी वैशालीनं उठायचं आणि मळ्यातल्या फुलवाल्या कमलताईंनी बसायचं.

वैशाली ही सरांची एकुलती सून. सरांची बायको लवकर गेली होती. मुलगा संतोष कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पाळीनं कामाला. सुरुवातीला पंचायतीत वैशालीच्या खुर्चीला खुर्ची लावून संतोषच बसायचा आणि बोट दाखवेल तिथं ती सही करायची. मग एक दिवस तिनं ग्रामसेवकासमोर नवऱ्याला सांगितलं, तुमची आज सेकंड शिफ्ट हाय ना, निघा, उशीर हुईल. संतोष उठून गेला. हा प्रसंग सरांनी मला बसमध्ये कितीदा सांगितला असेल. दरवेळी सांगताना ते आजूबाजूला बघून आवाज खाली करायचे, कारण मुलगा उठला याचा आनंद बापानं किती करावा हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मला त्यांचा वर्ग ऐकू यायचा. वैशाली भाकरी थापता थापता विचारायची, मामा, कुणी सरकारी पैसा दाबला तर इतर देशांत त्याला जाब कोण विचारतं? सासऱ्यांना ती मामा म्हणायची. सर चुलीपाशी पाट घेऊन बसायचे आणि तिला तिथले हिशेब तपासणारे अधिकारी समजावून सांगायचे. प्राचार्यांच्या बैठकीत ज्या माणसाचं लक्ष दाराकडं असायचं तो स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून बसायचा. वैशालीनं वरच्या वस्तीसाठी पाण्याच्या टाकीचं काम लावून धरलं होतं. ठेकेदार तिला टाळायचा आणि ती त्याला गाठायची. गाव म्हणायला लागलं, बाई खमकी आहे. आणि गाव जसजसं तिचं कौतुक करायला लागलं, तसतशी सरांची झोप उडाली. कारण चांगली चाललेली खुर्ची कुणी कशाला सोडेल, असं त्यांना वाटायला लागलं.

दसरा झाला. कटिंगच्या दुकानात, दूध घालायला, जिथं जावं तिथं लोक सरांना हळूच म्हणायचे, मास्तर, दिवाळी जवळ आली. तोंडावर आणखी काही बोलत नसत. वैशाली काहीच बोलत नव्हती. ती रोज टाकीवर जायची आणि धुळीनं माखून यायची. आणि संतोष एक दिवस चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, आसं कुठं लिवलंय, की पाडव्यालाच उठायचं?

हे वाक्य सरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले, ग्रामपंचायतीच्या कायद्याचं पुस्तक मागून घेतलं आणि दाराजवळच्या टेबलावर बसले. तासाभरानं मी चहा घेऊन गेले तर ते त्याच पानावर होते.

"बाई सरपंच असली तर अविश्वासाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, मॅडम," ते म्हणाले. "एवढे जमायचे नाहीत."

मी म्हटलं, सर, तुमच्या घरात राहते ती. संध्याकाळी भाकरी खाताना सरळ विचारा.

"इचारलं आन् न्हाई म्हनली तर?" सर एकदम गावचं बोलले. "माझ्या घरातून शब्द मोडला तर गाव पुन्हा फुटंल. सुरू झालेली यात्रा पुन्हा बंद. आन् तो भंडारा माझ्याबी हातावर हाय."

कपात चहा गार झाला. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. जगातले सगळे पंतप्रधान उठवणारा हा माणूस सुनेला एक प्रश्न विचारायला घाबरत होता. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि नेमकं नको तेच केलं.

ते एकेका सदस्याकडं गेले. कुणाकडं औषध फवारायचा पंप मागायला, कुणाकडं कांद्याचं रोप बघायला. पंप हातात घेतल्यावर म्हणायचे, समजा, नुसतं समजा, की वैशाली उठलीच नाही, तर तुम्ही अविश्वासाला उभे राहाल का? वर्गात असं ‘समजा’ म्हणून प्रश्न सोडवायची त्यांना सवय होती. आमच्या गावात कुणी नुसतं समजत नाही. संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीत बातमी होती, की मास्तर सुनेवर अविश्वास आणतोय.

त्या दिवशी सर आमच्या ओट्यावर बसले होते. वैशाली समोरून आली. साडीचा काठ ओला, पायाला चिखल. चप्पल न काढता ती पायरीखालीच उभी राहिली.

"मामा, तुमी मान्सं गोळा करताय म्हनं माझ्या इरोधात."

"गोळा न्हाई," सर म्हणाले. "नुसतं इचारलं."

"मला का न्हाई इचारलं?"

तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"पाडव्याला उठायचं हाय ते मला ठावं न्हाई व्हय? भंडारा मीच उचलला हुता. एकदा बोललेलं परत काय बोलायचं? आज टाकीत पानी चढलं. परवा शिरूरला जाऊन राजीनामा देनार हुते. तुमास्नी संगं न्यायचं मनात हुतं." तिनं पदर सावरला. "आता एकलीच जाते."

ती गेली. ओट्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत, पण सरांना कुठल्याही बाजूनं उतरता येईना. बोलण्यासारखं होतं ते सगळं मी ग्रंथालयात बोलून बसले होते.

ठरल्याप्रमाणं ती एकटी शिरूरला गेली, पंचायत समितीत राजीनामा दिला, येताना बिरोबाच्या पायरीवर डोकं टेकवलं आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. संतोष दोन दिवस फुगून होता, मग पाळीवर गेला. पाडव्याच्या सुमाराला कमलताई सरपंच झाल्या. गावानं फटाके वाजवले, कमलताईंच्या मळ्यातल्या झेंडूचा हार सरांच्या गळ्यात घातला. लोक म्हणाले, मास्तर, तुमच्यामुळं शब्द राहिला. सर हार घालून उभे होते आणि त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. सगळ्या गावात दोघांनाच माहीत होतं की शब्द त्यांच्यामुळं राहिला नव्हता, आणि तिसरी मी.

त्यानंतर भिंतीपलीकडचा वर्ग बंद झाला. वैशाली सासऱ्यांशी भांडली नाही, अबोलाही धरला नाही. जेवण झालंय, दूध आलंय, गोळी घ्या, एवढं ती वेळच्या वेळी बोलायची. सर पाट घेऊन चुलीपाशी बसत, ती ताट वाढून देई आणि बाहेर जाई. तिनं प्रश्न इचारायचं सोडलं मॅडम, असं ते मला बसमध्ये म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. वर्गात पुन्हा कुणीतरी तो जुना प्रश्न काढला असणार, कारण पोरं मला सांगत होती की सर हल्ली वेगळंच काहीतरी उत्तर देतात. नाहीच उठला तर काय, असं विचारलं की म्हणतात, आधी त्याला विचारा तरी.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. सत्काराच्या खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते, प्राचार्यांनी खांद्याला धरून बसवलं. दाराकडं बघत त्यांनी तीन वाक्यांचं भाषण केलं आणि सगळ्यात आधी उठले.

मग कमलताईंची पाळी संपत आली आणि गावात पुन्हा कुजबुज सुरू झाली. कमलताईंचे भाऊबंद मोठे, त्यांनी आपल्या बाईला उठू दिलं नाही तर तिसरी, नदीकडची वस्ती गप्प बसणार नव्हती. माणसं सरांकडं आली. मी ओट्यावरून बघत होते. सरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. ते म्हणाले, "मला इचारू नका. वैशालीला इचारा."

वैशाली आतून बाहेर आली आणि म्हणाली, मी कमलताईला इचारलंय. ती राजीनामा देती म्हनली. एवढं बोलून ती आत गेली. माणसांचं समाधान झालं नाही. सरांचंही झालं नसावं, पण त्यांनी कुणाकडं पंप मागितला नाही, कुणाचं कांद्याचं रोप बघितलं नाही. तेवढे दिवस ते फक्त मोटारसायकलचं कुलूप ओढत राहिले.

ज्या दिवशी कमलताई राजीनामा द्यायला शिरूरला निघाल्या त्या दिवशी वैशाली त्यांच्यासोबत गेली. सरांना कुणी बोलावलं नव्हतं. दुपारी ते माझ्या ग्रंथालयात उगवले आणि म्हणाले, एक पुस्तक परत करायचं राहिलंय. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी त्यांना पाणी दिलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते दाराजवळच्या टेबलावर हात ठेवून बसून राहिले.

स्टँडवर आम्ही गाडीत चढलो तेव्हा वैशाली आधीच बसलेली होती, मधल्या सीटवर, खिडकीशी. कमलताईंना त्यांच्या भावकीनं जीपमधून नेलं होतं. वैशालीनं शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती, बायका एसटीत ठेवतात तशी. संकटकालीन दरवाजाशेजारची सीट रिकामी होती. सर सवयीनं तिकडं निघाले, तिच्या जवळून पुढं गेले आणि त्या सीटच्या दांडीला त्यांनी हात घातला.

"दिला त्यांनी, मामा," वैशाली म्हणाली. मागं वळून न बघता, समोर बघतच.

आणि तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

सर तिथंच उभे. दरवाजाकडं बघितलं, पिशवी उचललेल्या जागेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार होते? मी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि कंडक्टरकडं तिकीट मागितलं. गाडी निघाल्यावर न राहवून मागं बघितलं तर सर तिच्या शेजारी बसले होते, एका कडेला, अर्धे सीटवर आणि अर्धे बाहेर. मान वळवून त्यांनी संकटकालीन दरवाजाकडं एकदा बघून घेतलं.

मी त्या दिवशी न्हावऱ्याला उतरून माहेरी जाणार होते. सर झोपेत गेल्याचा फोन मला तिथंच आला, चार दिवसांनी. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते न्हावऱ्याच्या थांब्यावर खाली उभी राहून, गाडीच्या खिडकीतून. तोवर ते सीटवर पूर्ण सरकून बसले होते. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन, असा त्यांनी वैशालीसमोर स्वित्झर्लंड धरला होता. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तेव्हा सरांची पाठ दरवाजाकडं होती आणि वैशाली मान हलवून त्यांना पुढचं काहीतरी विचारत होती.